साठ टक्के अस्सल

नकली घड्याळ घेणारा माणूस स्वभावानं साधा असतो. फुटपाथवर घासाघीस करतो, मित्राच्या लग्नात बाही दोनदा वर सारतो आणि पहिल्या पावसात काचेच्या आत वाफ धरली की ते घड्याळ धाकट्या भावाला देऊन मोकळा होतो. मुंबईत हाजीअलीच्या हिरा पन्ना बाजाराला अमेरिकी सरकारनं २०२१ साली कुप्रसिद्ध बाजारांच्या यादीत मानाचं पान दिलं, ते अशाच भाबड्या गिऱ्हाइकांच्या जोरावर. त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. आजचा सत्कार त्यांच्यापेक्षा पुष्कळ वरच्या इयत्तेतल्या माणसाचा आहे. नकली घड्याळ घेऊन त्यात एकेक अस्सल भाग बसवत जाणाऱ्या हौशी संग्राहकाचा.

ही जमात जगभर पसरलेली आहे. गृहस्थ बहुधा सुशिक्षित, पगार बरा, एका डोळ्याला भिंग. त्याला रोलेक्सची जुनी सबमरीनर हवी असते. कुठलीही नाही, १६८० क्रमांकाची. तारीख दाखवणारी ही पहिली सबमरीनर, आणि त्यातही तबकडीवर 'सबमरीनर' हे नाव लाल अक्षरांत असलेली. अस्सल घ्यायची तर घर गहाण टाकावं लागेल आणि घर बायकोच्या नावावर आहे. मग तो चीनमधल्या ग्वांगझूच्या घाऊक बाजारातून आलेलं नकली घड्याळ घेतो आणि त्याच्या शुद्धीकरणाला लागतो.

आधी काच. तारखेवरच्या भिंगानं आकडा अडीच पट मोठा दाखवला पाहिजे. नकली भिंगाला तेवढा दम नसतो. मग चावी. चावीवरच्या मुकुटाची टोकं जाडी वाटतात, म्हणून ती अस्सल हवी. मग काटे. मग तबकडीभोवतीची काळी चकती. आणि शेवटी खुद्द तबकडी. तिच्यासाठी माणूस दिवाळीचा बोनस, मुलाच्या क्लासची फी आणि स्वतःची झोप या तिन्हींना हात घालतो. आता रोलेक्स काही सुटे भाग रस्त्यावरच्या दुकानात मांडून विकत नाही. अस्सल तबकडी हवी तर कुठलं तरी अस्सल घड्याळ उघडावंच लागतं. म्हणजे पुण्यातलं एक खोटं घड्याळ वीस टक्के खरं होतं, तेव्हा जगात कुठं तरी एक खरं घड्याळ वीस टक्के खोटं झालेलं असतं. शाळेत ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकवतात. खरेपणाही असाच अक्षय्य आहे: तो निर्माण होत नाही, नष्ट होत नाही, फक्त एका डबीतून दुसऱ्या डबीत जातो आणि मधल्या दलालाचं कमिशन होतं.

भाग जमले की खरी साधना सुरू होते. नवं जुनं करायचं. बाजारात कुठल्याही वस्तूला वय झालं की भाव उतरतो, इथं चढतो. उन्हानं काळी चकती राखाडी पडली असेल तर संग्राहक जास्त पैसे मोजतो. पण कुणाच्या हातात तीस वर्षांचं ऊन आहे? मग चकती ब्लीचमध्ये बुडवतात. तबकडीवरचे पांढरे ठिपके पिवळे दिसायला चहाचा आणि कॉफीचा अर्क लावतात, कुणी ओव्हनमध्ये शेकतात. नाताळचा केक करपला तर चालतो, तबकडीवर डोळा ठेवावा लागतो.

त्याहून अवघड काम उजेडाचं. जुन्या तबकड्यांवर अंधारात चमकण्यासाठी ट्रिटियम असायचं. त्याचं अर्धआयुष्य सुमारे १२.३ वर्षं. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचं अस्सल घड्याळ आज अंधारात जवळजवळ मुकं असतं, आणि जे झगझगतं त्याच्यावर जाणकार लगेच संशय घेतो. त्यामुळं आमचा कारागीर जगात कुणी केली नसेल अशी मेहनत करतो: अंधारात न चमकणारा अंधारदर्शी रंग तयार करतो. रात्री घरात संवाद होतो तो असा.

"अहो, हे तर अंधारात दिसतच नाही."

"दिसायला नकोच आहे."

"मग वेळ कशी कळायची?"

"मोबाईल आहे की."

मशीनचीही तीच कथा. स्वित्झर्लंडच्या ईटीए कंपनीचं २८३६ हे मशीन चांगलं, दणकट. तासाला २८,८०० ठोके, म्हणजे सेकंदाला आठ. सेकंदाचा काटा लोण्यासारखा सरकतो. पण १६८० क्रमांकाची सबमरीनर इतकी चपळ नव्हती. तिचं मशीन तासाला १९,८०० ठोके मारायचं, काटा किंचित अडखळत जायचा. मग पट्टीचा कारागीर चपळ मशीन बाजूला ठेवतो आणि त्याच कंपनीचं मंद मशीन, २१,६०० ठोक्यांचं २८४६, हुडकून काढतो. जास्त पैसे देऊन कमी चांगलं यंत्र बसवायचं, कारण चांगलं यंत्र फार चांगलं चालतं आणि बिंग फुटतं. सरकारी खात्यांनाही इतकं सूक्ष्म नियोजन जमलेलं नाही.

इतकं सगळं झाल्यावर तो ताठ मानेनं सांगतो, "आता हे सत्तर टक्के अस्सल आहे." आपण हसतो. पण हसण्याआधी स्वित्झर्लंडचा कायदा वाचावा. १ जानेवारी २०१७ पासून तिथं नियम असा आहे की घड्याळावर 'स्विस मेड' छापायचं तर उत्पादनखर्चाचा किमान साठ टक्के भाग स्वित्झर्लंडमधला हवा. मशीन स्विस हवं, ते डबीत तिथंच बसवलेलं हवं, शेवटची तपासणी तिथंच झालेली हवी. उरलेले चाळीस टक्के कुठल्या देशातून आले, हे तबकडीवर छापायची सक्ती नाही. म्हणजे आपला गृहस्थ स्वयंपाकघराच्या ओट्यावर जे गणित मांडतो, तेच बर्नमध्ये सरकारनं राजपत्रात मांडलं आहे, आणि त्याची उत्तीर्ण होण्याची अट तर सरकारपेक्षा दहा टक्क्यांनी कडक आहे.

शुद्ध कुळाच्या गप्पा मारणाऱ्यांनी रोलेक्सची डेटोनाही उघडून पाहावी. १९८८ ते २००० या काळातल्या ऑटोमॅटिक डेटोनामध्ये मूळ मशीन झेनिथ या दुसऱ्या कंपनीचं, एल प्रिमेरो नावाचं होतं. रोलेक्सनं त्यात पुष्कळ बदल केले, त्याची चालही मंद केली. दुसऱ्याचं मशीन घेऊन, ते हळू करून आपल्या डबीत बसवणं हा गुन्हा असता तर जिनिव्हात पोलिसांना मोठाच तुरुंग बांधावा लागला असता.

मग अस्सल म्हणजे काय? संग्राहक म्हणेल: खोकं आणि कागद. मूळ खोकं, मूळ वॉरंटी कार्ड, जमल्यास पहिल्या दुकानाची पावती. हे अगदी लग्न ठरवण्यासारखं आहे. मुलगा समोर पोहे खात बसलेला असतो, पण सगळे बघत असतात ते पत्रिकेकडे. आणि पत्रिका जुळवून देणारे इकडे आहेत तसे तिकडेही आहेत. कोरी खोकी आणि जुनी कार्डं वेगळी विकली जातात. शेवटी भाव लागतो तो लोखंडाला नव्हे, गोष्टीला. २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात अभिनेता पॉल न्यूमन याची स्वतःची डेटोना पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेली. त्यातलं पोलाद तुमच्या-आमच्या कुकरच्या पोलादापेक्षा बरं असेल, पण इतकंही बरं नसेल. ती किंमत मनगटाची होती.

आणि गोष्टच खोटी निघाली तर? इथं हौशी लोकांना लाजवणारा किस्सा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात ओमेगाच्या पहिल्या पिढीतली एक स्पीडमास्टर लिलावात आली. तबकडी काळ्याची तपकिरी झालेली, जिच्यावर संग्राहक जीव टाकतात तशी. अंदाज होता ८० हजार ते १ लाख २० हजार फ्रँकचा. हातोडा थांबला, खर्च धरून, ३१ लाख १५ हजार ५०० फ्रँकवर. घेतली कुणी? खुद्द ओमेगानं, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ साली कंपनीनंच जाहीर केलं की घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून केलेलं आहे, भाग बहुतेक अस्सल ओमेगाचेच आहेत, आणि या उद्योगात आपल्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता.

म्हणजे पाहा, ओमेगाचे भाग, ओमेगाची माणसं, ओमेगाचेच पैसे आणि ओमेगाचंच संग्रहालय. 'स्वदेशी'चा इतका शुद्ध नमुना गांधीजींनाही मिळाला नसता. तरी ते घड्याळ बनावट ठरलं, आणि बरोबर ठरलं. आमच्या टक्केवारीच्या गणिताचा निकाल इथंच लागतो. साठ टक्के स्विस असलेलं घड्याळ कायद्यानं स्विस, आणि जवळजवळ शंभर टक्के ओमेगा असलेलं घड्याळ खोटं, कारण पहिल्याबाबत नियम जगजाहीर आहे आणि दुसऱ्याबाबत गिऱ्हाइकाला वेगळंच सांगितलं गेलं.

आता थोडा अभिमान बाळगू या. जगभरच्या संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' नावाची एक जात प्रसिद्ध आहे. जुन्या एचएमटी, सेको, कॅमी यांची मोडकी मशीनं घ्यायची, या घड्याळाचे काटे त्याला लावायचे, तबकडी नव्यानं रंगवायची, आणि रंगही असे लावायचे की मूळ कारखान्यानं स्वप्नातही पाहिले नसतील: पोपटी, भगवा, जांभळा. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, पण आमच्या कारागिरांच्या हातून 'नवी' एचएमटी अजून निघतेच आहे. परदेशी जाणकार नवशिक्यांना बजावतात की मुंबईहून आलेल्या घड्याळापासून सावध राहा. हा अन्याय आहे. बंद पडलेलं यंत्र चालू करून शेकड्यांत विकणारा तो भामटा, आणि तीच कला फ्रँकमध्ये करणाऱ्याच्या मालाला मखमली उशी, पांढरे हातमोजे आणि छापील कॅटलॉग! फरक इतकाच की मुंबईच्या घड्याळजीनं पोपटी तबकडी लावताना ती लपवायचा जराही प्रयत्न केलेला नसतो.

तेव्हा हौशी मंडळींनो, तुमच्या ओट्यावरच्या प्रयोगशाळेला आमच्या शुभेच्छा. तबकडी शेका, काटे पिवळे करा, मंद मशीन बसवा. वेळ किती बरोबर दाखवतं या भानगडीत पडू नका. स्विस क्रोनोमीटरच्या प्रमाणपत्रालाही दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे इतकी मुभा आहे, आणि कॅसिओच्या प्लॅस्टिकच्या एफ-९१डब्ल्यूनं महिन्याला तीस सेकंदांची ग्वाही देऊन तुम्हाला आणि रोलेक्सला एकाच रांगेत बसवलं आहे. मात्र त्या घड्याळावर मुकुटाची खूण आहे तोवर ते कपाटात किंवा मनगटावरच राहू द्या. बनावट व्यापारचिन्हाचा माल विकणाऱ्याला भारताच्या १९९९ च्या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, आणि तिथं सत्तर टक्के अस्सल म्हणून सत्तर टक्के सूट मिळत नाही. घेणाऱ्यांनाही एकच विनंती: तबकडीवरची लाल अक्षरं भिंगातून वाचण्याआधी विकणाऱ्याला विचारा, यातला कुठला भाग कुठून आला ते सहीनिशी लिहून देतोस का? जो लिहून देत नाही, त्याच्याकडून फुकटही घेऊ नका.