झटक्याचे भक्त

इंजिन बदललेल्या गाडीचा मालक तुम्हाला शेजारी बसवतो तेव्हा एसी दाखवत नाही, कारण तो बहुधा काढून टाकलेला असतो. तो झटका दाखवतो. दुसऱ्या गिअरात पाय दाबतो, काटा पाच हजारांच्या पुढे सरकला की श्वास रोखून म्हणतो, "आता... आता... हां!" आवाज एकदम बदलतो, तुमची मान मागे जाते आणि रस्त्याकडे बघायचं सोडून मालक तुमच्या चेहऱ्याकडे बघतो.

"वा!" म्हणून मोकळे व्हा. घरी जायला गाडी त्याचीच आहे. पण मनातल्या मनात एवढं लिहून ठेवा: ज्या व्हीटेकचा, म्हणजे होंडाच्या व्हॉल्व्ह-यंत्रणेचा, असा दणका बसतो, ते नीट ट्यून झालेलं नाही.

हे वाक्य मोठ्याने म्हणायला छाती लागते, कारण इंजिन-स्वॅपवाल्यांच्या पंथात झटका हाच देव आहे. होंडाचं के-२० किंवा के-२४ इंजिन मिळवायचं, जुन्या सिव्हिकमध्ये किंवा माझदा मियाटामध्ये बसवायचं, माउंट, ड्राइव्हशाफ्ट, वायरिंग, रेडिएटर यांच्यात सहा महिने आणि घरातली शांतता घालवायची, हे सगळं त्या एका दणक्यासाठी. आणि जी यंत्रणा हा दणका पुसून टाकायला जन्मली, तिलाच त्याचं श्रेय द्यायचं.

थोडी शाळा घेतो, मग पुन्हा टवाळीकडे वळू. १,००० आरपीएमला क्रँकची एक फेरी ६० मिलिसेकंदांत होते, ८,००० ला साडेसात मिलिसेकंदांत. सावकाश चाललेल्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह उशिरापर्यंत उघडा राहिला, तर वर येणारा पिस्टन आत आलेली हवा पुन्हा बाहेर ढकलतो. जोरात फिरणाऱ्या इंजिनात उलटं होतं. हवेला वेग आलेला असतो, पिस्टन वर निघाला तरी ती आत घुसतच राहते, म्हणून व्हॉल्व्ह उशिरा मिटलेला बरा. साध्या कॅमशाफ्टला यातलं एकच काहीतरी निवडावं लागतं. रेसचा कॅम टाकला की सिग्नलला गाडी थरथरते, आणि घरगुती कॅम ठेवला की वरच्या आरपीएमला दम लागतो. सासू आणि सून दोघींना एकाच भाजीत खूश करायची ही गोष्ट आहे.

यावर बाजारात विकल्या गेलेल्या गाडीत पहिला इलाज केला अल्फा रोमिओने, १९८० च्या अमेरिकेतल्या स्पायडरमध्ये. गाजावाजा झाला तो मात्र १९८९ मध्ये, होंडाच्या इंटेग्रातल्या बी-१६ए इंजिनाचा: १.६ लिटर, १६० पीएस, टर्बोशिवाय, म्हणजे लिटरमागे शंभर. त्यात कॅमवर दोन स्वभावांचे उंचवटे होते, शांत आणि तापट. ठरलेल्या आरपीएमला ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते, रॉकर आर्म एकमेकांना अडकतात आणि सूत्रं तापट उंचवट्याकडे जातात. व्हीटेक म्हणतात ते हे.

इथे पंथातली पहिली गफलत होते. व्हीटेक व्हॉल्व्ह किती उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा हे बदलतं, तेही दोनच पायऱ्यांत. के-मालिकेत त्याच्या जोडीला व्हीटीसी आलं. इनटेक कॅमच्या टोकाला बसलेला हा फेजर अख्खा कॅमच पुढे-मागे फिरवतो. के-२०ए२ मध्ये तो क्रँकच्या मापाने ५० अंशांपर्यंत फिरतो, तोही पायऱ्यांनी नव्हे तर सलग, चालत्या इंजिनात, सेकंदा-सेकंदाला. या दोघांच्या एकत्र संसाराला होंडाने आय-व्हीटेक असं नाव दिलं. दोघांपैकी आवाज करतो तो व्हीटेक, काम जास्त करतो तो व्हीटीसी. फोटो अर्थातच आवाज करणाऱ्याचा छापून येतो.

आता स्वॅप कसा होतो ते बघा. नव्वदच्या दशकातल्या सिव्हिकच्या ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, व्हीटीसी नावाचा प्राणीच माहीत नाही. त्याला व्हीटेकचा सोलेनॉइड चालू-बंद करता येतो. तेवढं बारा व्होल्टचा एक स्विचही करतो, आणि काही महाभागांनी तो डॅशबोर्डवर लावूनही दाखवला आहे. व्हीटीसीला मात्र कॅम या क्षणी नेमका कुठे आहे हे सांगणारा सेन्सर हवा, सोलेनॉइडला तुकड्या-तुकड्यांनी वीज देणारा ड्रायव्हर हवा आणि पाहिजे तो अंश मिळेपर्यंत दुरुस्ती करत राहणारा ईसीयू हवा. म्हणजे खर्च. म्हणून "ते नंतर बघू" असं ठरतं. वायर गुंडाळून टेप लावली जाते. आणि नंतर कोणीच बघत नाही, कारण गाडी चालते!

चालते, हीच तर खोच. व्हीटीसीला कोणी आज्ञा दिली नाही की तो त्याच्या मूळ जागी, म्हणजे सगळ्यात मागे ओढलेल्या कोनात, पिन लावून गुपचूप बसतो. तिथे इनटेक उशिरा मिटतो. वर सांगितलं तसं, सावकाश इंजिनाला हे मुळीच मानवत नाही. अडीच ते पाच हजारांमधली ताकद, जिथे गाडी रोज चालते, तिथे खळगा पडतो. मग व्हीटेक लागतं, गाडी खळग्यातून एकदम वर येते, आणि मालक म्हणतो, "पाहिलंस?"

पाहिलं. खळगा पाहिला.

व्हीटीसी जोडलेलं असलं तरी झटक्याचं गणित हेच राहतं. शांत कॅमची टॉर्क-रेषा एका टप्प्यानंतर खाली येऊ लागते, तापट कॅमची वर चढत असते, आणि कुठेतरी दोन्ही एकमेकींना छेदतात. बरोबर तिथेच बदल केला तर त्या क्षणी दोघींचा टॉर्क सारखा असतो, म्हणून प्रवाशाला काही कळत नाही. बदल उशिरा केला की मधली तूट साचते आणि मग एका दणक्यात परत मिळते. झटका म्हणजे आपलीच थकबाकी, तीही व्याजाविना. होंडाने अमेरिकेतल्या आरएसएक्स टाइप-एसमध्ये हा बदल ५,८०० च्या आसपास ठेवला होता. प्रदूषण आणि मायलेज सांभाळायचं म्हटलं तर ते चालून जातं. पण चांगला एक्झॉस्ट हेडर आणि मोकळा इनटेक टाकलेल्या इंजिनात रेषा खालीच छेदतात, म्हणून जाणता ट्यूनर बदलही खाली आणतो. त्याच्यासमोर बसलेलं गिऱ्हाईक मात्र विचारतं, "साहेब, किक कमी झाली का हो?" असे ट्यूनर स्वर्गात जाणार, याबद्दल माझी खात्री आहे.

व्हीटीसीचं ट्यूनिंग तर कंटाळ्याची कमाल. ताकद मोजणाऱ्या डायनोवर गाडी बांधायची. कॅम शून्य अंशावर ठेवून एक रन, दहावर एक, वीसवर एक, असं पन्नासपर्यंत जायचं. मग सगळ्या रेषा एकावर एक ठेवून प्रत्येक आरपीएमला कोणती वर आहे ते बघत तक्ता भरायचा. हेच पुन्हा अर्ध्या थ्रॉटलला. शेवटी जो कागद हाती येतो त्यावर सगळ्यात वरचा आकडा जवळपास तेवढाच! फरक पडतो तो मध्ये, पोटात. आणि त्या पोटाची फुशारकी मारायला चौपाटीवर कोणी जमत नाही. "किती हॉर्सपॉवर?" याला एका आकड्यात उत्तर देता येतं. "साडेतीन हजारला किती टॉर्क वाढला?" असं विचारणारा पाहुणा मला अजून भेटायचा आहे.

तिकडे अमेरिकेतल्या व्ही-आठ पंथाची तऱ्हा निराळी. एलएस कुळातल्या इंजिनात कॅम एकच, तोही ब्लॉकच्या पोटात. त्याला फेजर (म्हणजे व्हीव्हीटी, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा) लावला की इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकत्रच सरकतात. एकाला पुढे, दुसऱ्याला मागे अशी सोय नाही. २०१० च्या कॅमारोत मॅन्युअल गिअरवाल्याला एलएस-३ मिळायचं, व्हीव्हीटीशिवाय, ४२६ हॉर्सपॉवर. ऑटोमॅटिकवाल्याला एल-९९, व्हीव्हीटीसकट, ४००. व्हीव्हीटी असलेल्याची ताकद कमी! एल-९९ मध्ये इंधन वाचवायला चार सिलिंडर झोपवायची सोयही होती आणि कॉम्प्रेशनही थोडं कमी होतं. म्हणजे व्हीव्हीटी हे नुसतं ताकदीचं इंजेक्शन नाही, काटकसर आणि समजूतदारपणाचंही साधन आहे. एलएसवाले ते खुशाल काढून टाकतात, त्याचे तयार किट मिळतात, आणि खरं सांगायचं तर तिथे माझी फार तक्रार नाही. साडेसहा हजारांपर्यंतच फिरणाऱ्या सहा लिटरच्या इंजिनाला खालच्या ताकदीची काळजी कशाला?

आणखीही एक जागा आहे जिथे फेजर बांधून ठेवणं शहाणपणाचं ठरतं. मोठ्या लिफ्टचा कॅम टाकला आणि ५० अंश तसेच ठेवले, तर इनटेक व्हॉल्व्ह लवकर उघडून वर आलेल्या पिस्टनच्या डोक्यावर टेकू शकतो. म्हणून जाणते लोक पिस्टनवर मऊ प्लॅस्टिसिन चिकटवून इंजिन हाताने फिरवतात, किती जागा उरते ते मोजतात आणि फेजरला तेवढीच मुभा देतात. ड्रॅग रेसच्या गाडीत तर कॅम एकाच कोनात ठोकून ठेवला तरी चालतं. ती पाव मैलभर वरच्याच आरपीएमला जगते. पण पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या, टोलनाक्यावर रांगेत उभ्या राहणाऱ्या गाडीत ड्रॅगचं शास्त्र कशाला?

कॅलिफोर्नियात तर हा प्रश्न नियमानेच मिटवला आहे. तिथे रस्त्यावरच्या गाडीत बसवायचं इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, आणि त्या इंजिनाबरोबर आलेली प्रदूषण-नियंत्रणाची सगळी यंत्रणा जागेवर आणि चालू हवी. रेफ्री नावाचा अधिकृत तपासनीस ते तपासून लेबल लावतो. कॅमचा कोन बदलून थोडा जळका वायू सिलिंडरातच ठेवून घेणं हाही प्रदूषण कमी करण्याचाच भाग असतो, त्यामुळे टेप लावलेली वायर तिथे गंमत राहत नाही.

आपल्याकडे वेगळीच गंमत आहे. भारतात विकल्या गेलेल्या अकॉर्डमध्ये २.४ लिटरचं के-मालिकेचं इंजिन होतं. ते कुर्ल्याच्या भंगारात किंवा आणखी कुठे सापडलं की लोकांना लॉटरी लागल्यासारखं वाटतं. वर आय-व्हीटेक लिहिलेलं, मग काय हवं? पण के-मालिकेची सिलिंडर-हेड दोन जातींची. टाइप-एस किंवा टाइप-आरच्या हेडमध्ये व्हीटेक दोन्ही कॅमवर असतं आणि वरच्या आरपीएमला खरोखर तापट होतं. काटकसरी हेडमध्ये ते फक्त इनटेकवर असतं, आणि त्याचं काम म्हणजे कमी वेगात एक व्हॉल्व्ह जवळजवळ मिटून ठेवायचा आणि दोन-अडीच हजारांच्या आसपास दोन्ही उघडायचे. जुन्या अकॉर्डचं हेड या दुसऱ्या जातीचं. त्यातून झटका काढायला निघालेले भक्त साडेपाच हजारला वाट बघत बसतात, आणि त्यांचा व्हीटेक सकाळी सोसायटीच्या गेटातून बाहेर पडतानाच लागून गेलेला असतो.

म्हणून जाणकार के-२४ चा ब्लॉक आणि के-२०ए२ चं हेड असं लग्न लावतात. स्ट्रोक ९९ मिलिमीटर, श्वास टाइप-एसचा. ऑइल पंपही बदलतात, कारण के-२४ च्या पंपाला बॅलन्स शाफ्ट जोडलेले असतात आणि फार वरच्या आरपीएमला ते परवडत नाहीत.

ऑइलवरून एक सांगायचं राहिलं, आणि ते मोठं आहे. व्हीटेकची पिन, व्हीटीसीचा फेजर, दोन्ही ऑइलच्या दाबावर चालतात. सोलेनॉइडला बारीक जाळी असते. इथे गॅरेजात "परफॉर्मन्स गाडी आहे, जाड ऑइल टाका" म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलं जातं. थंड सकाळी ते ऑइल फेजरपर्यंत रमतगमत पोहोचतं, कॅम सांगितल्या कोनाला उशिरा जातो, ईसीयू वैतागतो. जाळी चोंदलेली असेल तर तो कुठेच जात नाही. मग दोष दिला जातो ट्यूनरला. शिवाय हजारो किलोमीटर चाललेल्या इंजिनाची चेन ताणली गेली असेल, तर सेन्सर सांगतो तो कोनच थोडा खोटा. "जपानहून आलंय, फार कमी चाललंय" असं हाफ-कटवाला, म्हणजे अर्धी कापून आणलेली गाडी विकणारा, शपथेवर सांगतो. चेन मात्र शपथ घेत नाही.

आणि हे सगळं करून गाडी आरटीओच्या दारात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल कुठवर चालतात ते लिहिलेलं आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलांना धक्का लावणारे बदल चालणार नाहीत, असं स्पष्ट केलं. गंमत म्हणजे शेजारच्या काकांच्या नव्या स्विफ्टमध्ये व्हीव्हीटी कंपनीतूनच आलंय, काकांना ते ठाऊक नाही आणि गाडी कुठेही झटका देत नाही. कॉलेजच्या पोराच्या २०१८ नंतरच्या आर-१५ वर व्हीव्हीए ही तशीच यंत्रणा ७,४०० आरपीएमला लागते आणि डिस्प्लेवर अक्षरंही उमटतात, कारण यामाहाला आपलं गिऱ्हाईक कळतं.

स्वॅपवाल्या गाडीची जाहिरात मात्र अशी असते: "सिटी, के-२४ स्वॅप, फुल ट्यून, खतरनाक किक, आरसी क्लिअर." आरसी क्लिअर असतेच. त्यावर नंबर जुन्या दीड लिटरच्या इंजिनाचा आहे.