वारसकाका

प्रत्येक घराण्यात एक वारसकाका असतोच. तुमच्याकडे तो मामा असेल, नाहीतर बँकेतून निवृत्त झालेले आतोबा असतील, पण तेराव्याच्या जेवणात जिलबी मोडता मोडता "नॉमिनी कोण लावलाय?" असं विचारणारा तोच.

आमच्या काकांचं खरं ब्रीदवाक्य मात्र "ओरिजिनल कुठंय?" ओंकारेश्वरावर पिंडाला कावळा शिवेना. जो तो हात जोडून कबुल्या देत होता, धाकटीचं लग्न करू, तुळशीला पाणी घालू. काका चुलतभावाच्या कानाशी लागले, "डिपॉझिटच्या पावतीची झेरॉक्स चालत नाही. ओरिजिनल कुठंय?" कावळा तत्क्षणी शिवला. तेव्हापासून काका कावळ्यालाही अशील समजतात. भाच्यानं बारशाला मोबाईलवर बाळाचा फोटो दाखवला, तेव्हाही त्यांच्या तोंडून तेच निघालं. ओरिजिनल आत झोपलं होतं.

मृत्युपत्र असेल तर प्रोबेट, नसेल तर घरासाठी 1827 च्या रेग्युलेशनखाली वारस दाखला, बँकेतल्या पैशांसाठी 1925 च्या कायद्याखाली सक्सेशन, हे ते आरतीच्या चालीत म्हणतात. प्रोबेटची सक्ती वर्षानुवर्षं मुंबईकरांना होती, पुणेकरांना नव्हती, याचा त्यांना पुणेकर म्हणून वेगळा अभिमान. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे! शेअर्सच्या बाबतीतही नव्हे, हे सुप्रीम कोर्टानं 2023 मध्ये सांगितलं, तो खटला 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकरांच्या मृत्युपत्रावरून निघालेला. "उभ्या महाराष्ट्राच्या भिंतीवर तारखा टांगल्या त्यांनी," काका म्हणतात, "पण कोर्टाच्या तारखा त्यांच्याही घरच्यांना चुकल्या नाहीत."

काकांचा सुवर्णकाळ म्हणजे थोरल्या आत्याचं प्रकरण. मृत्युपत्र नाही. इस्टेट काय, तर कसब्यातली दीड खोली आणि एक डिपॉझिट. पण आत्या कागदोपत्री चौघीजणी निघाल्या. पासबुकात माहेरचं नाव, प्रॉपर्टी कार्डावर लग्नात बदललेलं, रेशनकार्डावर लाडाचं आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारकुनाला ऐकू आलं ते. अर्जाचं शीर्षक उर्फ-उर्फ करत तीन ओळी चाललं. या चौघी म्हणजे एकच बाई, असं प्रतिज्ञापत्र करताना काकांचा चेहरा असा उजळला की, पाचवी व्यक्ती सापडली असती तरी त्यांनी ती आनंदानं जोडून घेतली असती. पेपरातली जाहीर नोटीस त्यांनी कापून जपून ठेवली. हरकत घ्यायला कुणीच आलं नाही, याचं मात्र त्यांना वाईट वाटलं.

आता कबूल करायलाच हवं. आत्याची मुलगी एकटी, भाऊ अमेरिकेत, आणि त्याचं संमतीपत्र दरवेळी 'पुढच्या आठवड्यात' निघणारं. शिवाजीनगर कोर्टात प्रत्येक तारखेला तिच्याशेजारी बाकावर कोण बसलं? घरातले आम्ही सगळे तिला फोनवर धीर देत होतो. काकांना धीर देता येत नाही, ते डबा घेऊन जात. दाखला हातात पडला तेव्हा तिनं रिक्षाचे तरी पैसे घ्या म्हटलं. "पावती नाही माझ्याकडे," म्हणाले आणि चालू पडले.

परवा मला बोलावून घेतलं. समोर त्यांचं स्वतःचं मृत्युपत्र. मजकुरावर वर्तमानपत्र पसरलेलं, सहीपुरती जागा उघडी.

"साक्षीदार हवेत दोन. शेजारचा मुलगा एक, तू दुसरा. माझ्यापेक्षा तरुण हवेत, उद्या कोर्टात उभं राहायचंय."

"म्हणजे यात मला काही नाही?"

"साक्षीदाराला नसावंच. वाद होतात."

मी सही केली. त्यांनी ती पॅन कार्डाशी ताडून पाहिली. मग ज्या प्रश्नानं त्यांनी आम्हाला आयुष्यभर छळलं, तोच मी विचारला: ओरिजिनल कुठं राहणार?

काका जरा वेळ चष्मा पुसत राहिले. मुलगा आहे त्यांना, बंगळुरात.

"तुझ्याकडे ठेव," म्हणाले. लिफाफा हातात दिला, पण पुरता सोडला नाही. "आणि पोच लिहून दे. दोन प्रतींत."