मूठ आवळून पाहावी

स्नोमॅन करायला कडाक्याची थंडी लागते, हा समज ख्रिसमसची भेटकार्डं पाहून मोठ्या झालेल्या आपल्यासारख्या उष्ण प्रदेशातल्या लोकांचा. कडाक्याच्या थंडीत स्नोमॅन होत नाही. फक्त नाक लाल होतं, आणि तेही आपलंच.

माझी लेक मिनेसोटात राहते. या राज्यातल्या टॉवर नावाच्या गावात 2 फेब्रुवारी 1996 रोजी पारा उणे 51 अंशांवर गेला होता. इंटरनॅशनल फॉल्स हे दुसरं गाव स्वतःला 'देशाचा आइसबॉक्स' म्हणवतं, आणि त्या पदवीवरून कोलोरॅडोतल्या फ्रेझर गावाशी त्याचा कायदेशीर तंटाही झाला. जिथे गारठ्याच्या मालकीसाठी वकील लावतात, तिथे स्नोमॅन रांगेने उभे असतील अशी माझी कल्पना होती.

तशीच कल्पना तिथल्या मराठी मंडळींचीही असावी, कारण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी मुलांसाठी स्नोमॅनची स्पर्धा ठेवली. बाहेर उणे 22. स्नो गुडघाभर. मुलं तो ओंजळीत घेत, जीव खाऊन दाबत, आणि मूठ उघडली की सगळा भुगा बोटांमधून खाली. पायाखाली नुसतं करकर वाजत होतं. उणे दहाच्या खाली गेलं की बर्फाचे कण दाबाखाली एकमेकांवरून सरकत नाहीत, मोडतात, आणि मोडताना बोंब मारतात. शेवटी जागोजागी ढिगारे झाले. ज्या ढिगाऱ्यात गाजर खुपसलेलं होतं, तो स्नोमॅन समजावा अशी सूचना निघाली. त्या देशाच्या रिवाजाप्रमाणे बक्षीस सगळ्यांनाच मिळालं.

मी मात्र पहिल्याच मुठीत निदान केलं होतं. तिळगूळ वळणाऱ्या कुठल्याही बाईने केलं असतं. मिश्रण गरम आहे तोवर तुपाचा हात लावून भराभर वळून घ्यायचं; जरा फोन घ्यायला गेलात की कढईत उरतो तो भुगा, मग ब्रह्मदेव आला तरी लाडू होत नाही. "या बर्फाचा पाक गार झालाय," मी म्हटलं.

आमचे हे निवृत्त भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. निवृत्त झाले ते पगारातून, तासातून नाही. "अगदी बरोबर बोललीस," ते म्हणाले, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे वाक्य ऐकून मी सावध झाले. कारण त्यामागून मायकेल फॅरेडे आला. 1850 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फॅरेडेने सांगितलं होतं की बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की चिकटतात, कारण बर्फाच्या अंगावर पाण्याचा एक अतिशय पातळ थर असतो. शून्याच्या खालीसुद्धा! पारा शून्याकडे सरकतो तसा तो थर जाड होतो. उणे वीसपंचवीसला तो जवळजवळ नसतोच. शून्यापाशी तर थोडं खरंखुरं पाणीही सुटतं, ते कणांच्या फटींत शिरतं आणि त्यांना एकमेकांकडे ओढून धरतं. ह्यांनी हे सगळं पार्किंगमध्ये सांगितलं. माझ्या पापण्या गोठल्या होत्या, त्यामुळे मी झोपले आहे की ऐकते आहे हे त्यांना कळलं नाही.

पण एक गोष्ट मला आवडली. हिमाचा अभ्यास करणाऱ्यांचं एक आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे. त्यात ओलाव्याच्या पाच पायऱ्या आहेत: कोरडा, ओलसर, ओला, फार ओला, चिंब. हलक्या हाताने दाबल्यावर कण एकमेकांना धरतात तो ओलसर. त्यात पाणी तीन टक्क्यांपर्यंत. दाबल्यावर पाणी गळतं तो फार ओला. त्यात आठ ते पंधरा टक्के. त्यापुढे सगळा चिखलच. म्हणजे देशोदेशीचे विद्वान बसवून शेवटी ठरलं काय, तर मूठ आवळून पाहावी!

रथसप्तमी तोंडावर आली असताना एका सकाळी जावई म्हणाले, "आई, आज चौतीस आहे." माझा हात पंख्याच्या बटणाकडे गेला. मग आठवलं, इथे फॅरेनहाइट चालतं. म्हणजे आपला एक अंश. रात्री ताजा स्नो पडलेला. मी अंगणात उतरून मूठ आवळली, उघडली. तळहातावर माझ्या चार बोटांचे ठसे उमटलेला गोळा तसाच बसून होता. "वळतोय गं!" मी नातीला हाक मारली.

मग काय! मुठीएवढा गोळा जमिनीवर ढकलत नेला की तो वाटेतला स्नो अंगावर गुंडाळत जातो आणि मागे पिवळं गवत पट्ट्यापट्ट्याने उघडं पडतं. पालापाचोळा आणि नातीचा एक हातमोजाही त्याने पोटात घेतला. गोळा हलेनासा झाला तो नेमका गाडीच्या वाटेत. ह्यांनी टेप लावला: व्यास एक मीटर, वजन दोनशे किलोच्या घरात. जावयांची गाडी गॅरेजमध्ये, जावयांची मीटिंग दहाला. वर ठेवायचा मधला गोळाच पंचेचाळीस किलोचा निघाला. अमेरिकन स्नोमॅन तीन गोळ्यांचा असतो, जपानी दोन. आमच्या घरातल्या सर्व कमरांनी एकमताने जपानी पद्धत स्वीकारली.

फ्लॉरेन्समध्ये 1494 च्या जानेवारीत मोठा हिमवर्षाव झाला, तेव्हा पिएरो दे मेदिचीने तरुण मायकेलअँजेलोकडून वाड्याच्या चौकात बर्फाचा पुतळा करवून घेतला होता. तो टिकला नाही, याची लोक हळहळ करतात. पण ज्या हवेत बर्फ वळतो त्याच हवेत तो वितळायलाही लागतो, ही अट मान्य करूनच कामाला लागायचं असतं. मिनेसोटाच्या जानेवारीत त्याला बोलावलं असतं, तर तो निमूटपणे संगमरवराकडे परतला असता.

मी मंडळाला रीतसर सूचना केली आहे. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, तेव्हा तारीख मूठ आवळून ठरवा. चिटणीसबाईंचं उत्तर आलं: सूचना स्तुत्य आहे, पण हॉलचं भाडं ऑक्टोबरातच भरावं लागतं.