जुनं लाव की!

आवडता जुना बँड नवा अल्बम काढतोय, अशी बातमी आली की आमच्या वयाच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. आनंद होत नाही असं नाही. पण शेजारच्या आजोबांनी मॅरेथॉनला नाव दिल्यावर होतो, त्या जातीचा. कौतुक आहेच, फक्त कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन मागे धावायला हवं.

रोलिंग स्टोन्सचा ‘हॅकनी डायमंड्स’ 2023 च्या ऑक्टोबरात आला, तेव्हा मिक जॅगर ऐंशी वर्षांचा होता. स्वतःच्या नव्या गाण्यांचा त्याआधीचा अल्बम 2005 चा. मधल्या काळात जन्मलेलं पोर मतदार झालं! तरी अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेला. गन्स एन् रोझेसची तऱ्हा न्यारी. त्यांचा ‘चायनीज डेमॉक्रसी’ इतका रखडला की 2008 मध्ये डॉक्टर पेपर या कोल्ड्रिंकवाल्या कंपनीनं जाहीर केलं, हा अल्बम यंदा आला तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एक कॅन फुकट. अपवाद फक्त बँड सोडून गेलेले दोन गिटारवादक. आणि नोव्हेंबरात अल्बम खरंच आला की! कुपनासाठी अशी झुंबड उडाली की वेबसाइट बसली, मग बँडच्या वकिलानं कंपनीला खरमरीत पत्र धाडलं. त्यातली गाणी आज कितीजणांना आठवतात देव जाणे, कॅन मात्र सगळ्यांना आठवतो.

हे झालं गोऱ्यांचं. आमच्या घरचं कार्य म्हणजे मुंबईचा रॉक मशीन, जन्म 1984. गायला उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. बेनेगल आणि तिनईकर ही आडनावं ऐकून आमच्या मातोश्रींची समजूत झाली की नाट्यसंगीताचा कार्यक्रम आहे, म्हणून मला धोबीतलावच्या रंगभवनात जायची परवानगी मिळाली. उघडं थिएटर, समोर मानेपर्यंत केस वाढवलेली पोरं, आणि हाकेच्या अंतरावर इस्पितळं. आम्हाला त्या आवाजात मोक्ष दिसायचा. खाटेवरच्या पेशंटांना काय दिसायचं, ते कुणी विचारलं नाही. पुढे तो परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि रॉक तिथून उठला. बाकीचे बँड इंग्लंड-अमेरिकेची गाणी घोटत असताना या मंडळींनी 1988 मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा सगळ्या स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, हे आम्ही आजही नातवंडांना सांगण्याच्या सुरात सांगतो.

1993 मध्ये बँडनं नाव बदलून इंडस क्रीड केलं. आम्ही रॉक मशीनच म्हणत राहिलो. यात विशेष काही नाही. मी सध्या लखनौत कानपूर रोडच्या बाजूला राहतो. इथल्या विमानतळाला 2008 पासून चौधरी चरणसिंहांचं नाव आहे, आता तर तिसरं टर्मिनल झालंय, मेट्रो दारात आलीय. पण टेंपोवाला अजूनही जुन्या नावानं ‘अमौसी, अमौसी’ असंच ओरडतो. लोकांना नवी इमारत चालते, नवं नाव चालत नाही. गाण्यांच्या बाबतीत तर इमारतही चालत नाही.

1995 मध्ये इंडस क्रीड याच नावाचा अल्बम आला, 1997 मध्ये बँड मोडला, 2010 मध्ये पुन्हा जमला आणि 2012 मध्ये आला ‘इव्हॉल्व्ह’. सतरा वर्षांनी! बासवर रुशाद मिस्त्री, ड्रम्सवर जय रो कवी अशी तरणी माणसं. मिक्सिंग टिम पामरचं. पर्ल जॅमच्या ‘टेन’चं मिक्सिंग त्याच गृहस्थानं केलेलं. गाणी आठच, पण लांबलचक आणि वळणावळणाची. रंगभवनातल्यासारखी लगेच मुठी वळून ओरडायची सोय नाही. परीक्षणं चांगली आली. ‘प्रगल्भ’ वगैरे म्हटलं गेलं, आणि आमच्यातल्या निम्म्यांनी तिथेच हाय खाल्ली. शाळेतल्या मित्राला कुणी प्रगल्भ म्हटलं की तो आता उसने पैसे परत मागणार, एवढंच आपल्याला कळतं.

माझं मत विचाराल तर ‘इव्हॉल्व्ह’ हा त्यांचा सगळ्यात चांगला अल्बम. हे मत घेऊन मी एकटाच फिरतो. मैफलीत गायकानं ‘आता एक नवं गाणं’ म्हटलं की बाथरूमच्या दिशेनं जो लोंढा निघतो, तेच खरं परीक्षण. वर्तमानपत्रात छापून येतं ते नंतरचं.

या डिसेंबरात रंगभवनच्या काळातला मित्र लग्नासाठी लखनौला आला. धुक्यामुळे विमान चार तास लेट. अमौसीचं धुकं असं की बॉनेटच्या पुढे सरकार आहे की नाही तेही कळू नये. अखेर मफलर गुंडाळलेली एक आकृती गाडीत शिरली. मी ‘इव्हॉल्व्ह’ लावून ठेवला होता.

“हे कोण रे?”

“आपलेच. रॉक मशीन.”

त्यानं दोन मिनिटं ऐकलं. “बरंय. आता जुनं लाव की.”

“हेसुद्धा जुनंच झालं आता.”

“तसलं जुनं नाही रे. आपलं जुनं. ‘टॉप ऑफ द रॉक’ लाव.”

घरी पोचलो तर शेजारचे पंडितजी शेकोटीपाशी बसलेले. मुंबईच्या भातखंड्यांनी 1926 मध्ये लखनौत जे मॅरिस कॉलेज काढलं, त्यातच, म्हणजे नंतरच्या भातखंडे विद्यापीठात, यांनी आयुष्यभर गाणं शिकवलं. मुंबईचा वकील वकिली सोडून देशभर जुन्या चिजा गोळा करत हिंडला, म्हणून मराठी माणसाबद्दल त्यांना फार आदर. त्यांच्या शास्त्रीय गाण्यात एक बरं असतं, शंभर वर्षांची बंदिश गाणाऱ्याला कुणी ‘नवीन काय?’ विचारत नाही, आणि ‘जुनं गा’ असंही सांगावं लागत नाही.

मित्राला हरवायला मी त्यांनाच पंच नेमलं आणि मोबाइलवर ‘इव्हॉल्व्ह’मधलं एक गाणं ऐकवलं. पंडितजींनी डोळे मिटून, मांडीवर ताल धरत, पुरं ऐकलं.

“अच्छा है। लड़के मेहनती हैं। दस-बारह साल गाने दीजिए, बैठ जाएगा। तब राय देंगे।”

“पंडितजी,” मित्र म्हणाला, “इसको निकले बारह साल से ऊपर हो गए।”

पंडितजींनी शाल सावरली, पाठ ताठ केली.

“तो पहले बताना था न। फिर से लगाइए।”