पुरावेकाका

आमच्या सोसायटीत कुणी काही रंगवून सांगायच्या आधी जिन्याकडे बघून घेतं. पुरावेकाका येत नाहीत ना? कारण "आमच्या आजोबांनी वाघ मारला होता" एवढं म्हणायचा अवकाश, काका शांतपणे विचारतात, "शिवारात की गावठाणात?" वाघ तिथेच दुसऱ्यांदा मरतो.

काका भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. माणसं खोटं बोलतात, बांध रात्रीतून सरकतात, या दोन सत्यांवर त्यांची पेन्शन उभी आहे. निवृत्तीनंतर माणूस देवाला तरी लागतो नाहीतर शेअरला. काका सिगारेटला लागले. म्हणजे ओढायला नव्हे. सुपारीचं खांडही न खाणारा माणूस तो. एका रविवारी जुन्या बाजारात पितळी समई घ्यायला गेले आणि गंजक्या डब्यात अकरा कार्डं घेऊन आले. समई अजून यायची आहे, हे काकू वर्षातून दोनदा, म्हणजे दिवाळीला आणि गौरीला, आठवणीने सांगतात.

ही कार्डं म्हणजे सिगारेट कंपन्यांची हुशारी. पूर्वी सिगारेटचं पाकीट मऊ कागदाचं असे. आतला माल चेंगरू नये म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा घालत. कोरा तुकडा घालण्यापेक्षा त्यावर चित्र छापलं, तर गिऱ्हाईक पुढचं पाकीट घेईल, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. विल्स कंपनीने १८९६ साली ५० क्रिकेटपटूंची मालिकाच काढली. कार्ड रुंदीला आगपेटीएवढं, उंचीला बोटभर जास्त. पुढे मिशीवाला खेळाडू, मागे चार ओळींत त्याचा पराक्रम. काकांच्या मते भानगड त्या चार ओळींत आहे. "चार ओळींत सातबारा मावत नाही," ते म्हणतात, "पराक्रम कसा मावेल?"

मग तपासणी सुरू झाली. मुलाच्या क्रेडिट कार्डावर शंभर वर्षांपूर्वीची इंग्रजी वर्तमानपत्रं उघडली गेली. जेवणाच्या टेबलावर तीन फायली आल्या. पहिलीवर लिहिलं 'नोंद मंजूर', दुसरीवर 'नोंद नामंजूर'. तिसरी कोरी होती.

रणजितसिंहजी लगेच मंजूर झाले. २२ ऑगस्ट १८९६, होव्हचं मैदान, समोर यॉर्कशायर. एकाच दिवसात १०० आणि नाबाद १२५. दोन्ही डाव धावफलकावर आहेत. अल्बर्ट ट्रॉटही मंजूर. त्याने ३१ जुलै १८९९ रोजी लॉर्ड्सवर चेंडू पॅव्हेलियनच्या डोक्यावरून पलीकडे मारला. हाच ट्रॉट १९०७ मध्ये स्वतःच्या बेनिफिटच्या सामन्यात सॉमरसेटवर तुटून पडला. चार चेंडूंत चार बळी, वर त्याच डावात आणखी एक हॅटट्रिक! सामना लवकर आटोपला आणि तिकिटांचा गल्ला बुडाला. काकांनी शेरा मारला : 'खातेदाराने स्वतःच स्वतःच्या जमिनीवर जप्ती आणली.'

रॉबर्ट बरोजचं प्रकरण मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. वूस्टरशायरच्या या गोलंदाजाने १९११ साली ओल्ड ट्रॅफर्डवर हडलस्टनचा त्रिफळा उडवला, तेव्हा बेल म्हणे ६७ यार्ड ६ इंचांवर जाऊन पडली. मी म्हटलं, "काका, ही सरळ थाप आहे."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "नुसते ६७ यार्ड असते तर मीच फेटाळली असती. पण वर ६ इंच आहेत. थापाड्या इंच लावत नाही, तो शंभर यार्ड म्हणतो. इंच आले म्हणजे कुणीतरी टेप घेऊन गेलं होतं." मग गळा साफ करून म्हणाले, "आणि खेळपट्टी २२ यार्डच का, ठाऊक आहे? ती इंग्रज मोजणीदाराची एक साखळी. आमची ३३ फुटी साखळी दोनदा टाकली की झाली खेळपट्टी. क्रिकेट हे मूळचं आमच्या खात्याचं आहे."

सी. बी. फ्राय या सद्गृहस्थाने मात्र घरात कलह माजवला. लांब उडीत त्याने १८९३ साली २३ फूट ६½ इंचांची, जागतिक विक्रमाशी बरोबरी करणारी उडी मारली. क्रिकेटमध्ये १९०१ साली लागोपाठ सहा शतकं ठोकली. १९०२ मध्ये साउदॅम्प्टनकडून एफए कपची अंतिम लढत खेळला. इथवर मंजूर. पण हा माणूस फायरप्लेसकडे पाठ करून उभा राही आणि उलटी उडी मारून वरच्या फळीवर चढे, अशी आख्यायिका आहे. काका म्हणाले, स्थळपाहणीशिवाय निर्णय देता येणार नाही. आमच्याकडे फायरप्लेस कुठली? काका शोकेसकडे पाठ करून उभे राहिले, धोतराचा काचा मारला, गुडघे वाकवले. तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तुमच्या गुडघ्यांचा पुरावा डॉक्टरांकडे आहे, एक्स-रेसकट. आणि वरच्या फळीवर माझ्या माहेरचा टी-सेट आहे."

काका गुडघे सरळ करून टेबलाशी आले आणि त्यांनी तिसऱ्या फायलीवर नाव घातलं : 'असायला हवं होतं.' तेव्हा मला हा माणूस कळला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हे पराक्रम खोटे पाडायला बसलेत. अहो, नामंजूर फायलीत दोन कागद आहेत! काकांचा जीव तिसऱ्या फायलीत आहे.

त्या फायलीचा मानकरी कार्डावरचा नाहीच. आपल्या सी. के. नायडूंनी १९३२ च्या दौऱ्यात एजबॅस्टनला चेंडू असा भिरकावला की तो रे नदी ओलांडून वॉरिकशायरमधून थेट वूस्टरशायरमध्ये पडला. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात षटकार! काकांना वडिलांनी सांगितलेली गोष्ट. काकांचा भाचा बर्मिंगहॅमला नोकरीला आहे. त्याला एका रविवारी नदीवर पाठवण्यात आलं. भर पावसात जाऊन आला आणि फोनवर म्हणाला, "मामा, ही नदी आहे? आपला आंबील ओढा बरा!"

त्यानेही काका डगमगले नाहीत. नदी लहान असली तरी हद्द ती हद्दच. पण भूकरमापकाची खोड जाते कुठे? त्यांनी जुने नकाशे काढले आणि रात्री साडेअकराला माझी बेल वाजवली. चेहरा सुतकी.

"फेरफार सापडला," ते म्हणाले. "नदीपलीकडचा भाग १९११ पर्यंतच वूस्टरशायरकडून बर्मिंगहॅमकडे गेला. बरोजने त्या साली बेल उडवली, पण काउंटीने जमीन घालवली. म्हणजे १९३२ साली नदीचे दोन्ही काठ वॉरिकशायरचेच. चेंडू नदीपार गेला असला तरी जिल्हा ओलांडलेला नाही."

"मग? नामंजूर?"

काका काही न बोलता जिना उतरून गेले.

परवा कोजागरीला गच्चीवर दूध आटत होतं. 'ब' विंगेतले एक आजोबा पोरांना घेऊन बसले होते. "एका जिल्ह्यातून मारला, तो दुसऱ्या जिल्ह्यात!" पोरांनी आ वासला. सगळ्या गच्चीने काकांकडे पाहिलं. काकांनी पेला खाली ठेवला, मिशीवरची साय पुसली. आता फेरफार निघणार, १९११ निघणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"मधे नदी होती," काका म्हणाले, "ते सांगायचं राहिलं."