भीतीच्या धंद्यातले वाटेकरी

संगणकावर कुणी फसलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: ‘पण तू क्लिक केलंसच कशाला?’ हा प्रश्न आता बंद करा. खोटं अँटिव्हायरस विकणाऱ्यांच्या जाळ्यात बेफिकीर माणूस सापडत नाही. इशारा आला तरी तो ढुंकून बघत नाही. सापडतो तो काळजी घेणारा. बँकेचा पासवर्ड जाईल, मुलांचे फोटो जातील, या धास्तीने तो पैसे भरतो. त्याच्या शहाणपणावर हसण्यात आपला वेळ जातो आणि ज्यांनी त्या पैशात वाटा घेतला ते आरामात निसटतात.

२००८ च्या सुमाराचं ‘एक्सपी अँटिव्हायरस’ घ्या. वेबसाइट वाचता वाचता मध्येच खिडकी उघडायची. ‘माय कॉम्प्युटर’ची हुबेहूब नक्कल, त्यात सी ड्राइव्ह, खाली सरकणारी पट्टी, भराभर पळणारी फायलींची नावं आणि शेवटी लाल अक्षरांत यादी: इतके ट्रोजन, इतके स्पायवेअर. प्रत्यक्षात एकही फाइल तपासलेली नसायची. पानावर हलतं चित्र चालवलेलं असायचं, बस्स. म्हणून तर सी ड्राइव्ह हा प्रकारच नसलेल्या मॅकवरही असल्या पानांना सी ड्राइव्हमध्ये व्हायरस सापडायचे! ‘रद्द करा’ दाबा नाहीतर कोपऱ्यातली फुली दाबा, अनेकदा डाउनलोडच सुरू व्हायचं. प्रोग्रॅम आत शिरला की इशाऱ्यांचा भडिमार, आणि त्यातून सुटायचं तर ३९.९५ डॉलर किंवा त्याहून जास्त मोजा.

डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हा माल विकणाऱ्या ‘इनोव्हेटिव्ह मार्केटिंग’ला कोर्टात खेचलं. कंपनीची नोंदणी बेलीझमध्ये, कारभार युक्रेनमधल्या कीव्हमध्ये. विनफिक्सर, ड्राइव्हक्लीनर, एररसेफ ही सगळी तिचीच पिल्लं. दहा लाखांहून अधिक लोक फसले, असं कमिशनने सांगितलं. २०१२ मध्ये कोर्टाने एका आरोपीला १६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा हुकूम दिला. चांगलं झालं. पण दहा लाख लोकांपर्यंत ही टोळी पोचली कशी?

जाहिरातींतून. चोरट्या गल्ल्यांतून नव्हे, प्रतिष्ठित साइटवर जागा विकत घेऊन. जाहिरात-नेटवर्कच्या माणसाने पाहिली की नामांकित कंपनीची सोज्ज्वळ जाहिरात. तुम्ही-आम्ही पाहिली की थेट खोट्या स्कॅनच्या पानावर रवानगी. नेटवर्क फसली हे खरं, पण गल्ल्यात पैसे जमा झाले हेही तितकंच खरं.

दुसरा वाटा कार्डाच्या व्यवहारातला. सांता बार्बरातल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांच्या हाती अशा तीन धंद्यांचे सर्व्हर लागले. २०११ मध्ये त्यांनी मांडलेला हिशेब १३ कोटी डॉलरचा होता. त्यात एक गोष्ट लख्ख दिसते. हे लोक काही ग्राहकांचे पैसे परतही करत, ते मात्र अगदी मोजून-मापून. कारण तक्रारी करून पैसे उलटवणारे ग्राहक ठरावीक मर्यादेपलीकडे वाढले, तर कार्ड कंपन्या खातं बंद करतात. पोलिसांना न भिणारे हे लोक कार्डाच्या नियमाला भीत होते. धंद्याची नस तिथे आहे आणि ती पहिल्या दिवसापासून दाबता आली असती.

हे सगळं दूरदेशीच्या भामट्यांचं काम, असं समजू नका. ‘ऑफिस डेपो’ ही अमेरिकेतली मोठी दुकान-साखळी. तिथे ‘मोफत तपासणी’त आधी चार प्रश्न विचारत: संगणक मंद झालाय का? व्हायरसचे इशारे येतात का? सारखा बंद पडतो का? नको त्या जाहिराती उघडतात का? यातल्या एका जरी चौकटीत खूण केली की निकालात रोगाची लक्षणं दिसणारच. मग शेकडो डॉलरपर्यंतची दुरुस्ती गळ्यात. २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी यांनी मिळून ३.५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

आता तोच लाल पडदा फोन नंबर दाखवतो, आणि पलीकडचा आवाज बरेचदा भारतातल्या कॉल सेंटरमधला असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ऑपरेशन चक्र-२’ राबवताना सीबीआयने मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉनच्या तक्रारींवरून अशा बनावट मदत-केंद्रांवर छापे घातले. परदेशातल्या म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी आपल्या देशातून लुटली जाते, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

पडदा लाल झाला तर खिडकीतलं काहीही दाबू नका; टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच बंद करा. त्या नंबरवर फोन करू नका. पैसे गेलेच असतील तर लगेच बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

हे झालं आपलं काम. पण सगळा भार आपल्याच सावधपणावर कशाला? ज्याने जाहिरातीचे पैसे घेतले आणि ज्याने कार्डाच्या व्यवहारावर कमिशन कापलं, त्यांना भरपाईतही वाटा उचलायला लावणारा कायदा हवा. फसवणुकीत नुकसान आपलंही व्हायला लागलं, की गिऱ्हाईक कोण आहे हे ते पैसे घेण्याआधीच तपासतील.