एकदा बघायला हरकत नाही

पनवेल हे गाव निम्म्या महाराष्ट्राने खिडकीतून पाहिलेलं आहे. कोकणात जाणारी गाडी स्थानकात वळते, पाच-दहा मिनिटं थांबते, कोणी वडापावसाठी उतरतो, कोणी "महाड ना?" करत चढतो, आणि पनवेल संपतं. पण थांब्यावर बसलेल्या माणसाच्या बाजूने पाहा. त्याच्यासमोरून रोज सगळा महाराष्ट्र जातो आणि तो जागचा न हलता प्रत्येक गाडीवर शेरा मारत असतो. ही वेळेवर आली. ही मरतमरत आली. ही मुळात सोडलीच कशाला?

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या नानांनी हेच काम एकतीस वर्षं पगार घेऊन केलं. एसटीत वाहतूक नियंत्रक. शेवटची चौदा वर्षं पनवेल आगारात. निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मुलाने त्रेचाळीस इंची टीव्ही आणून दिला. नानांनी घड्याळ बरोबर टीव्हीच्या वर लावलं. त्या दिवसापासून त्यांच्या बाहेरच्या खोलीचा नियंत्रण कक्ष झाला. गाड्यांऐवजी पिक्चर सुटतात, एवढंच.

आम्ही राहतो त्या भागाचं नाव मिडल क्लास सोसायटी. हे मी गंमत म्हणून रचलेलं नाही. जुन्या पनवेलमधल्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, तो आणून सोडेल. तर अशा या सोसायटीत एखाद्या कलाकृतीला मिळू शकणारी सर्वोच्च दाद म्हणजे "एकदा बघायला हरकत नाही." त्याच्या वर काही नाही. ऑस्कर वगैरे बाहेरच्या लोकांसाठी. नाना हे वाक्य वर्षातून चार-पाच वेळाच उच्चारतात आणि ते उच्चारलं की चार इमारतींत रात्री तोच पिक्चर लागतो.

त्याखालची प्रतवारी मात्र सगळी एसटीची. थरारपट म्हणजे 'जलद'. गाण्यांचा पिक्चर 'निमआराम'. उगाच ताणलेली वेब सिरीज ही 'सर्व थांबे घेणारी'. तिच्यात नाना चौथ्या भागाला उतरतात. मध्यरात्री बघायच्या त्या 'रातराणी'. एखाद्या मालिकेचा पुढचा सीझन येणार येणार म्हणून येतच नाही, ती 'फेरी रद्द'. 'पंचायत'ला त्यांनी 'मुक्कामी गाडी' म्हटलं, आणि मला वाटतं त्या मालिकेवर याहून नेमकं कोणी बोललेलं नाही. संध्याकाळी शेवटच्या गावात जाऊन पारावर उभी राहायची, चालक-वाहकाने देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर झोपायचं, गावाने त्यांना भाकरी द्यायची आणि पहाटे पुन्हा निघायचं. फुलेऱ्यात अडकलेल्या त्या सचिवाचं दुसरं काय चाललेलं असतं? "ती उत्तर प्रदेशातली गोष्ट आहे, नाना," मी म्हटलं. "शूटिंग मध्य प्रदेशात झालंय," नाना म्हणाले, "आणि माणसं पोलादपूरची आहेत."

नानांची पिक्चर बघण्याची पद्धत सांगितली पाहिजे. ते शेवटची दहा मिनिटं आधी बघतात. का, तर "गाडी कुठे जाणार ते पाटीवर वाचल्याशिवाय कोणी गाडीत बसतं का?" शेवट मंजूर झाला की मग सुरुवात. बरं, दोन तासांचा पिक्चर नाना दोन तासांत बघतात असंही नाही. दूध उतू जाणे हा पहिला थांबा. पाण्याचा टँकर हा दुसरा. कुरिअरवाला, इस्त्रीवाला, जेवण, वामकुक्षी. सोमवारी निघालेला खुनी बुधवारी दुपारी पकडला जातो आणि नाना म्हणतात, "पिक्चरला वेग नाही."

नाना एकतीस वर्षं ध्वनिक्षेपकावर बोलले आहेत. त्यामुळे जे माहीत आहे ते जाहीर न करता पोटात ठेवणं त्यांना शारीरिकदृष्ट्या जमत नाही. सकाळी वडाळे तलावावर फिरायला येणाऱ्या कित्येक निष्पाप लोकांचं त्यात नुकसान झालं. 'दृश्यम' हिंदीत आला २०१५ साली. नानांनी तो घरी पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला, तलावाच्या पहिल्या फेरीतच, प्रेत कुठे पुरलंय ते खणखणीत आवाजात सांगून टाकलं. दोन बायका कानांवर हात ठेवून उलट्या दिशेने चालू लागल्या. नाना मागून म्हणाले, "अहो, पण ते कसं पुरलं ते बघायला हरकत नाही!"

'दृश्यम'वर त्यांचा खरा आक्षेप वेगळाच होता. तो पिक्चर निशिकांत कामत यांचा, 'डोंबिवली फास्ट'वाले म्हणून नानांचा आदर. मूळ मल्याळम, जीतू जोसेफ यांचा, २०१३चा, हेही पाठ. पण विजय साळगावकर कुटुंब घेऊन बसने पणजीला गेला आणि त्या दिवसाची साक्ष कंडक्टरच्या आठवणीवर उभी राहिली, इथे नाना उखडतात.

"कंडक्टरच्या लक्षात राहिलं? एका फेरीत साठ डोकी, दिवसाला सहा फेऱ्या. सख्खी बायको गाडीत चढली तरी तो 'तिकीट बोला' म्हणतो. वेबिल मागवा ना! कोणत्या टप्प्याला किती तिकिटं फाटली, सगळं असतं त्यात. आयजी आहात ना तुम्ही?"

"मग पिक्चर अर्ध्या तासात संपला असता."

"संपू दे. गाडी वेळेआधी पोचली म्हणून कोणी तक्रार करत नाही."

माई, म्हणजे नानांची बायको, यातलं काही ऐकत नाहीत. त्या टीव्हीकडे पाठ करून मेथी निवडत बसलेल्या असतात. २०२३च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा नाना म्हणाले होते, "ही गेली चाळीस वर्षं पिक्चर अर्ध्या तिकिटातच बघते. फक्त ऐकते." पण माझं निरीक्षण असं की माईंना खुनी पहिल्या वीस मिनिटांत कळतो. एकदा त्यांना विचारलं, कसं ओळखता? म्हणाल्या, "जो घरी आल्यावर चपला नीट काढून ठेवतो ना, तोच." मी त्यानंतर सात-आठ सिरीज या कसोटीवर तपासल्या. पाचांत बरोबर निघालं. नाना शेवट आधी बघूनही कधीकधी चुकतात, ते वेगळं.

जुन्या काळाचा विषय निघाला की नाना 'रामायण' काढतात. २५ जानेवारी १९८७ला सुरू झालं, दर रविवारी सकाळी साडेनऊ. स्थानकात शुकशुकाट. प्रवासी जवळच्या दुकानातल्या टीव्हीसमोर उदबत्ती लावून बसलेले. तेव्हा नाना नोकरीत नवे, कोकणातल्या एका छोट्या स्थानकात. "मी काय केलं? साडेनऊची गाडी साडेनऊला सोडली. रिकामी. राम वनवासाला वेळेवर गेला, मग आमची गाडी का नको?" २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने तेच 'रामायण' पुन्हा दाखवलं. नानांनी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत, एक थांबा न घेता पाहिलं. मी फोनवर विचारलं, कसं वाटलं? बराच वेळ गप्प होते. "स्थानकात उभा होतो, त्यामुळे आधी बघितलंच नव्हतं," म्हणाले.

त्याच टाळेबंदीत आमच्या सोसायटीत मल्याळम पिक्चरची साथ आली. ती अजून गेलेली नाही. "मल्याळीच बघावेत. आपल्याकडे काय आहे!" हे वाक्य वाणसामानाच्या दुकानापासून विरूपाक्षाच्या देवळापर्यंत कुठेही कानावर पडतं, आणि म्हणणाऱ्याने दोनच पाहिलेले असतात. नाना खाली येणारी इंग्रजी अक्षरं वाचून माईंना जागेवर मराठी करून सांगतात. हे भाषांतर काटकसरीचं असतं. पडद्यावर बाप-लेक चार मिनिटं कडाकडा भांडतात, नाना सांगतात, "तो नाही म्हणतोय." मग मुलगा रडत एक लांबलचक स्वगत बोलतो. "आता हो म्हणतोय."

सलमान खान हा विषय पनवेलमध्ये जरा जपून काढावा लागतो. त्याचं फार्महाऊस आमच्या तालुक्यात, म्हणजे तो गावचा माणूस. नाना त्याच्या पिक्चरला गावचा म्हणून सवलत देतात, तरी बघत नाहीत. २०२१च्या डिसेंबरात, वाढदिवसाच्या तोंडावर, त्याला तिथे साप चावला, बिनविषारी निघाला. देशभर बातम्या. नाना दिवसभर चॅनेल बदलत होते आणि वैतागले होते. "डोंगराच्या पायथ्याला साप निघाला, यात बातमी काय आहे? मला दोनदा चावलाय. एक तरी कॅमेरा आला?" मला वाटतं नानांनी मन लावून पाहिलेलं सलमानचं ते एकमेव काम.

टीव्हीचा पासवर्ड मुलाचा. मुलगा खारघरला. २०२३च्या जुलैत एका कंपनीने जाहीर केलं की एक खातं फक्त एकाच घरातल्यांना चालेल. नानांच्या पडद्यावर सूचना आली: तुम्ही या घरातले दिसत नाही. नाना हे वाक्य तीनदा वाचून माझ्याकडे आले. "खारघर म्हणजे वेगळं घर? दिवाळीचा फराळ कुठून जातो? सुनेचं डोहाळजेवण, नातवाचं बारसं कुठे झालं? त्यांना म्हणावं रेशनकार्ड दाखवतो." शेवटी मुलाने नानांसाठी वेगळं खातं काढून पैसे भरले. नानांनी ते पैसे मुलाला रोख दिले, त्याने घेतले नाहीत, आणि तो विषय दोन्हीकडून अजून उघडाच आहे.

एकाच पिक्चरला नानांनी आजवर कोणतीही पाटी लावलेली नाही. 'सैराट'. शेवटची दहा मिनिटं आधी बघण्याचा नियम त्या दिवशी नेमका मोडला होता, कारण नातू बाजूला होता आणि रिमोट त्याच्या हातात. संपल्यावर नाना उठले, चप्पल घातली आणि खाली जाऊन स्कूटरचं लॉक दोनदा तपासून आले. दुसऱ्या दिवशी तलावावर लोकांनी विचारलं. नाना म्हणाले, "आज हवेत गारवा आहे."

आता मूळ गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला घेतलं.

'द ग्रेट इंडियन किचन' हा जिओ बेबी यांचा मल्याळम पिक्चर २०२१च्या जानेवारीत आला, तोही आधी एका छोट्या ओटीटीवर. नानांकडे तो पुढच्या पावसाळ्यात पोचला. मी त्या संध्याकाळी तिथे होतो, चहा घेत. नाना भाषांतराला सरसावून बसले, आणि त्यांची पंचाईत झाली. त्या पिक्चरमध्ये कोणी फारसं बोलतच नाही. नारळ खवतात, भाजी चिरतात, फोडणी देतात, भांडी घासतात, ओटा पुसतात. पुन्हा चिरतात. सासऱ्याला चटणी पाट्यावरचीच लागते, भात चुलीवरचाच. जेवून उठलेल्या पुरुषांनी शेवग्याच्या शेंगांचा चोथा टेबलावरच टाकलेला. नवी नवरी तो गोळा करते.

माईंच्या हातातली मेथी थांबली. त्यांनी खुर्ची वळवली आणि पडद्याकडे तोंड केलं. मी त्यांना टीव्हीकडे तोंड करून बसलेलं पहिल्यांदा पाहत होतो.

नाना अस्वस्थ झाले. खाली अक्षरं नाहीत, सांगायला काही नाही. "काही घडत नाहीये," ते पुटपुटले. माई म्हणाल्या, "घडतंय." पुढे स्वयंपाकघरातलं सिंक गळायला लागतं. ती खाली गोणपाट टाकते, बादली ठेवते. नवऱ्याला सांगते, प्लंबरला बोलवा. तो विसरतो. ती पुन्हा सांगते. तो पुन्हा विसरतो. शेवटी त्या सिंकखालचं घाण पाणी नेमकं कुणाच्या अंगावर जातं, ते नानांच्या पद्धतीने मी इथे सांगणार नाही. माई हसल्या नाहीत. एकदा मान हलवली आणि म्हणाल्या, "बरोबर."

दुसऱ्या दिवशी तलावावर नानांनी आपला शेरा जाहीर केला: "संथ आहे. आणि कथेत मूलभूत चूक आहे. प्लंबर वेळेवर आणला असता तर पिक्चर झालाच नसता." लोक हसले. मीही हसलो, कारण मला माहीत होतं की नानांच्या ओट्याखाली गणपतीपासून पिवळी बादली आहे. माईंनी ती दिवसातून दोनदा उचलून ओतायची, हा त्या घरातला नियम आहे. जाता-येता मी पाहिलेलं होतं. मीही काही बोललो नव्हतो. आमच्याकडेही एक निळी आहे.

त्या दिवशी जेवणात चटणी नव्हती, असं नाना मला म्हणाले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नव्हती. माई रागावल्यासारख्या अजिबात दिसत नव्हत्या. उलट गुणगुणत होत्या. "मिक्सरची करू का?" असं त्यांनी विचारलं म्हणे, आणि नाना, ज्यांनी चाळीस वर्षं मिक्सरच्या चटणीला चव नसते हे स्थानकाच्या आवाजात सांगितलं, ते "चालेल" म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाना फिरायला आले नाहीत. दहाच्या सुमारास मी वर गेलो तर ते स्वयंपाकघराच्या दारात घड्याळाकडे बघत उभे होते आणि ओट्याखालून दोन पाय बाहेर आलेले होते. माई बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसून टीव्ही बघत होत्या. कोणता तरी खुनाचा पिक्चर. समोर मेथी नव्हती.

प्लंबरने साडेतीनशे रुपये घेतले.